वणवा, विरळणी आणि सॉ मिलवाले
कुणीतरी लिहिलंय, की अमेरिकेत 'शास्त्रीय वनव्यवस्थापना'चा (म्हणजे वणवे आवरायला दाट जंगलातली काही झाडं तोडायची, विरळणी करायची) प्रचार करणाऱ्या संस्था म्हणजे लाकूडवाल्यांचीच दुकानं. अर्धं पटलं. एव्हरग्रीन फाउंडेशन या अशाच एका संस्थेचं बघा ना, १९८६ साली दक्षिण ओरेगनमधल्या लाकूड व्यावसायिकांच्या पैशावर त्यांचं काम सुरू झालं. (लपवत नाहीत, तेवढं बरं.) तेव्हा चाळणी लावूनच वाचावं.

पण म्हणून विरळणीचा मुद्दा खोटा ठरत नाही. पश्चिम अमेरिकेतल्या पाँडेरोसा पाइन या झाडाच्या जुन्या बुंध्याचा आडवा काप बघितलाय कधी? वर्षवलयांत मध्ये मध्ये काळे व्रण दिसतात. एकेक व्रण म्हणजे एकेक वणवा. साल इतकी जाड, की जमिनीलगतची आग गवत आणि बारकी रोपं खाऊन जायची, झाड उभंच. १९१० मध्ये आयडाहो-मोंटानात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जळालं आणि वनखात्याने धसकाच घेतला. १९३५ पासून तर नियमच झाला: आज दिसलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. मग पुढच्या वलयांत व्रणच नाहीत. खाली कोवळ्या झाडांची खेचाखेच, आणि आता पेटलं की आग शिडी चढल्यासारखी थेट शेंड्याला.

यावर विरळणी हवी आणि मुद्दाम लावलेली बारीक आगही हवी. विरळणी करून फांद्या तिथंच टाकल्या तर उलट सरपणच वाढतं. आणि विरळणीच्या नावाखाली जाडजूड बुंधेच ट्रकवर चढत असतील, तर मात्र तो लिहिणारा म्हणतो तसं ते लाकूडवाल्यांचं दुकानच.