मदत हवी आहे: विंडोज एक्सपीवर मीडिया प्लेयरचे नवे बिल्ड सुरूच होत नाही, जुन्या बिल्डमध्ये चित्र काळे दिसते

नमस्कार.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात वसंत व्याख्यानमालेच्या जुन्या व्हीएचएस फिती आहेत. बुरशी आणि दमटपणा यांनी त्या निकामी होण्याआधी संगणकावर उतरवून घेण्याचे काम आम्ही काही सभासदांनी हाती घेतले असून संगणकाची बाजू माझ्याकडे आहे. व्हीसीआरमधून येणारे चित्र संगणकात घेणारे जे पीसीआय कॅप्चर कार्ड आमच्याकडे आहे, त्याचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या पुढच्या कोणत्याही विंडोजसाठी निघाला नाही. नवे कार्ड आणि नवा संगणक घेण्याइतका निधी वाचनालयाकडे सध्या नाही. त्यामुळे एक्सपी राहणार, हे गृहीत धरून उत्तर द्यावे अशी विनंती आहे.

संगणक पेंटियम ४ प्रोसेसरचा आहे, रॅम १ जीबी, ग्राफिक्स मदरबोर्डवरचेच, आणि विंडोज एक्सपी ३२ बिट, सर्व्हिस पॅक ३ सह. त्याला इंटरनेट जोडलेले नाही. जे काही लागते ते पेन ड्राइव्हने आणले जाते. फिती एमपेग-२ स्वरूपात, ७२० बाय ५७६ या आकारात, सेकंदाला २५ फ्रेम या गतीने उतरतात आणि इथपर्यंत सारे व्यवस्थित चालते.

अडचण तपासणीची आहे. उतरवलेला भाग लगेच, फीत व्हीसीआरमध्ये असतानाच पाहून घ्यावा लागतो, कारण मध्येच चित्र फाटले असेल किंवा आवाज गेला असेल, तर हेड पुसून तेवढा भाग पुन्हा उतरवता येतो. यासाठी मी एफएफएमपेग या व्हिडिओ उलगडणाऱ्या मोफत ग्रंथालयावर आधारलेला एक मोफत, हलका प्लेयर निवडला. त्याचे ताजे ६४ बिट बिल्ड (म्हणजे चालवण्यासाठी बांधून तयार केलेली प्रत) उघडताच 'हा वैध विन३२ प्रोग्रॅम नाही' असा संदेश येतो. त्याच आवृत्तीचे ३२ बिट बिल्ड आणले, तर 'गेटटिककाउंट६४ हा प्रोसीजर एंट्री पॉइंट कर्नेल३२.डीएलएल या फाइलमध्ये सापडला नाही' असा संदेश येऊन प्लेयर बंद होतो. याच प्लेयरचे बऱ्याच वर्षांपूर्वीचे बिल्ड मात्र सुरू होते. त्यात आवाज स्वच्छ येतो, पण चित्राच्या जागी पुष्कळदा नुसता काळा चौकोन दिसतो. कधी चित्र दिसते, कधी दिसत नाही, आणि यामागचा नियम मला सापडलेला नाही. जेव्हा दिसते तेव्हा वक्त्याचा हात हलला की त्याच्या कडांना आडव्या रेघा येतात. हा दोष फाइलमध्येच शिरला आहे की फक्त दाखवण्यात आहे, हे कळणे आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण फिती पुन्हा पुन्हा चालवण्याच्या अवस्थेत नाहीत.

एका परिचितांनी कर्नेल३२.डीएलएल ही फाइल इंटरनेटवरून उतरवून जुन्या फाइलच्या जागी ठेवण्यास सुचवले आहे. विचारल्याशिवाय ते करण्यास मी धजावलो नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

नमस्कार. पहिली गोष्ट ही, की कर्नेल३२.डीएलएल बदलू नका. ती विंडोजची गाभ्यातली फाइल आहे आणि त्याच विंडोजच्या इतर फाइलींशी ती घट्ट बांधलेली असते. दुसऱ्या विंडोजमधली फाइल तिच्या जागी बसली, तर संगणक सुरूच न होण्याची शक्यता मोठी आहे, आणि अनोळखी संकेतस्थळांवरून उतरवलेल्या डीएलएलमध्ये काय दडलेले असेल हे सांगता येत नाही. संदेशाचा अर्थ 'फाइल बिघडली आहे' असा नाही. आपल्या विंडोजमध्ये जे फंक्शन (प्रोग्रॅमला विंडोजकडून करून घेता येणारे तयार काम) कधी नव्हतेच, ते हे बिल्ड मागत आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आपल्याला आलेले दोन संदेश दोन वेगळ्या कारणांचे आहेत. ६४ बिट प्रोग्रॅम ३२ बिट विंडोजवर चालू शकत नाही, म्हणून पहिला संदेश आला. (३२ बिट बिल्डलाही हाच संदेश येऊ शकतो: मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ पासून कंपायलर (लिहिलेल्या कोडपासून प्रोग्रॅम बांधणारे साधन) प्रोग्रॅमच्या शीर्षभागात किमान विंडोज आवृत्ती ६.० अशी नोंद आपोआप करतो. एक्सपीचा अंतर्गत क्रमांक ५.१ आहे आणि व्हिस्टाचा ६.०, त्यामुळे एक्सपी असा प्रोग्रॅम दारातूनच परत पाठवते.) आपले ३२ बिट बिल्ड या तपासणीतून पार झाले, आणि मग त्याला लागणारी फंक्शने जुळवताना गाडी अडली. गेटटिककाउंट६४ हे फंक्शन व्हिस्टापासून आले. त्याआधीचे गेटटिककाउंट संगणक सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटांत मोजते, म्हणून सुमारे ४९.७ दिवसांनी ते पुन्हा शून्यावर येते. ही कटकट टाळण्यासाठी प्रोग्रॅमर मंडळींनी नवे फंक्शन वापरणे स्वाभाविकच होते. विंडोज ७ वापरणाऱ्यांनाही हल्ली असाच संदेश येतो, फक्त तिथे बहुधा गेटसिस्टिमटाइमप्रिसाइजअ‍ॅजफाइलटाइम हे नाव असते, कारण ते फंक्शन विंडोज ८ मध्ये आले.

म्हणून आवृत्तीच्या क्रमांकावरून काही ठरत नाही. एकाच प्लेयरची एकच आवृत्ती दोघांनी दोन कंपायलरनी बांधली, तर एक बिल्ड एक्सपीवर चालेल आणि दुसरे चालणार नाही, असे घडते. बांधताना लक्ष्य म्हणून कोणती विंडोज धरली होती, हे पाहावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या बाजूने एक्सपीसाठी बांधण्याची सोय असलेला शेवटचा साधनसंच व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ सोबत आला होता. क्यूटी या खिडक्या-बटणांच्या ग्रंथालयाने ५.७ पासून एक्सपी सोडली; ५.६ ही शेवटची मालिका.

एखादे बिल्ड का अडते ते आधीच पाहायचे असेल, तर डिपेंडन्सी वॉकर हे छोटे मोफत साधन एक्सपीवर चालते. त्यात प्लेयरची फाइल उघडली की न सापडणारी फंक्शने लाल खुणेने दिसतात. त्याची शेवटची आवृत्ती २००६ ची आहे. नव्या विंडोजवर ते नसलेल्या त्रुटीही दाखवते, पण एक्सपीवर त्यावर भरवसा ठेवता येतो.

माझी शिफारस व्हीएलसी या मोफत प्लेयरच्या ३.० मालिकेतील ३२ बिट बिल्डची आहे. या मालिकेची अधिकृत किमान अट विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ हीच आहे. पुढच्या ४.० मालिकेत एक्सपी आणि व्हिस्टा दोन्ही वगळल्या आहेत, म्हणून उतरवताना क्रमांक नीट पाहावा. फाइल दुसऱ्या संगणकावर अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा, तिथे दिलेल्या एसएचए-२५६ आकड्याशी (फाइल जशीच्या तशी आली हे पटवणारा आकडा) विंडोजच्या सर्टयुटिल या आज्ञेने ताडून पाहा आणि मगच पेन ड्राइव्हवर घ्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. व्हीएलसी ३.० चे ३२ बिट बिल्ड इन्स्टॉल केले आणि ते कोणताही संदेश न देता उघडले. परंतु काळ्या चौकोनाची अडचण तिथेही तशीच आहे: आवाज येतो, वेळेचा काटा पुढे सरकतो, चित्र नाही. काल संध्याकाळी मात्र हीच फाइल व्यवस्थित दिसली होती. फाइल तीच, प्लेयर तोच. सेटिंग पूर्ववत करण्याचा पर्याय वापरून पाहिला, फरक पडला नाही.

प्रतिसाद २

एक प्रश्न विचारतो. चित्र काळे दिसते तेव्हा कॅप्चरचा प्रोग्रॅम मागे उघडा असतो का, आणि त्यात व्हीसीआरचे थेट चित्र चालू असते का?

विचारण्याचे कारण असे. त्या काळातील ग्राफिक्समध्ये व्हिडिओ दाखवण्यासाठी ओव्हरले नावाची वेगळी वाट असे. चित्राचे रंग बदलण्याचे आणि आकार लहानमोठा करण्याचे काम ग्राफिक्स चिप परस्पर करी आणि प्रोसेसरवर भार पडत नसे, त्यामुळे एक्सपीवर अनेक प्लेयर आधी हीच वाट धरतात. पण अशा बहुतेक चिपवर ही वाट एकच असते, आणि जो प्रोग्रॅम ती आधी अडवतो त्याचीच ती होते. कॅप्चर प्रोग्रॅमचे थेट चित्र ओव्हरलेवर चालू असेल, तर नंतर उघडलेल्या प्लेयरला ती मिळत नाही. अशा वेळी जो प्लेयर दुसरी वाट शोधत नाही, तो काळा चौकोन दाखवत राहतो. आपल्या कामात फीत व्हीसीआरमध्ये असतानाच तपासणी करायची असल्यामुळे हे दोन्ही प्रोग्रॅम एकत्र उघडे असणार, असा माझा तर्क आहे.

खात्री करण्याची सोपी युक्ती सांगतो. व्हीएलसीत चित्र दिसत असताना प्रिंट स्क्रीन दाबा, पेंटमध्ये चिकटवा आणि मग व्हीएलसी पूर्ण बंद करून ते चिकटवलेले चित्र पाहा. पडद्यावर व्याख्याते दिसत होते आणि पेंटमध्ये त्या जागी एकाच रंगाचा सपाट चौकोन आला, तर चित्र ओव्हरलेवरून येत होते हे नक्की.

उपाय व्हीएलसीच्या पसंतींमध्ये, व्हिडिओ या पानावर आहे. तिथली ओव्हरलेची खूण काढा, जतन करा आणि प्लेयर बंद करून पुन्हा उघडा. त्यानेही चित्र आले नाही, तर त्याच पानावर आउटपुट म्हणून विंडोज जीडीआय (विंडोजची चित्र काढण्याची साधी वाट) निवडा. जीडीआयमध्ये सगळा भार प्रोसेसरवर येतो, तरी ७२० बाय ५७६ चे एमपेग-२ चित्र त्याच्या मूळ आकारात पेंटियम ४ पेलू शकेल. पूर्ण पडद्यावर मात्र ते अडखळण्याचा संभव आहे. तपासणीसाठी लहान खिडकी पुरेशी असावी.

आता आडव्या रेघांविषयी, कारण आपली खरी काळजी तीच दिसते. तो फितीतला दोष नाही आणि कॅप्चरचाही नाही. पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला ५० अर्धचित्रे येतात (यालाच इंटरलेस्ड चित्र म्हणतात): एकात विषम ओळी, पुढच्यात सम ओळी. फाइलमध्ये अशी दोन अर्धचित्रे मिळून एक फ्रेम होते. त्या दोन क्षणांच्या मध्ये हात हलला असेल, तर दोन्ही एकदम दाखवल्यावर कडा कंगव्यासारख्या दिसतात. जुन्या टीव्हीवर ही अर्धचित्रे एकामागून एक येत, म्हणून रेघा दिसत नसत. व्हीएलसीत व्हिडिओच्या मेन्यूत डीइंटरलेस (अर्धचित्रांतून रेघांविना पूर्ण चित्र करण्याची सोय) सुरू करा आणि पद्धत म्हणून लिनियर किंवा ब्लेंड निवडा. याडिफ २एक्स या पद्धतीचे चित्र अधिक सुंदर येते, पण या प्रोसेसरला ते जड जाईल.

माझी कळकळीची विनंती एवढीच आहे, की कॅप्चर करताना डीइंटरलेस करू नका. एकदा अर्धचित्रे मिसळून जतन झाली, की निम्मी हालचाल कायमची जाते. मूळ फाइल इंटरलेस्ड ठेवा. दाखवण्याची प्रत पुढे केव्हाही नव्या संगणकावर करता येईल.

धागाकर्ता

आपला तर्क अचूक निघाला. कॅप्चर प्रोग्रॅमचे थेट चित्र चालू असले की काळा चौकोन, ते बंद केले की चित्र हजर. पेंटची परीक्षाही केली. तिथे सपाट चौकोनच उमटला. ओव्हरलेची खूण काढल्यावर आता दोन्ही खिडक्यांत एकाच वेळी चित्र दिसते, त्यामुळे जीडीआयची गरज पडली नाही. लिनियर लावल्यावर रेघाही गेल्या. कॅप्चरमधील डीइंटरलेस मी तपासून पाहिले, ते बंदच आहे, त्यामुळे आतापर्यंत उतरवलेल्या सर्व फाइली सुरक्षित आहेत हे कळून सर्वांनाच फार बरे वाटले.

दोन शंका उरल्या आहेत. काही सभासदांनी यंदाच्या व्याख्यानांच्या चित्रफिती मोबाइलवर घेतल्या आहेत. त्या या संगणकावर उघडतात, पण चित्र थिजते आणि आवाज पुढे निघून जातो. दुसरे असे, की दोन तासांच्या व्याख्यानाची फाइल पेन ड्राइव्हवर घेताना मध्येच नकार मिळतो, जागा शिल्लक असूनसुद्धा.

प्रतिसाद १

मोबाइलच्या चित्रफिती बहुधा एचईव्हीसी या नव्या, उलगडायला जड असलेल्या व्हिडिओ स्वरूपात असतील. आयफोनमध्ये २०१७ पासून ते सर्रास वापरले जाते आणि अनेक अँड्रॉइड फोनही ते देतात. व्हीएलसीला ते उलगडता येते, पण पेंटियम ४ च्या आवाक्यात ते नाही, आणि एक्सपीवर ग्राफिक्स चिपची मदत मिळण्याची आशा धरू नये. बिल्ड बदलून यात फरक पडणार नाही. पुढच्या व्याख्यानांसाठी फोनच्या कॅमेऱ्यात एच.२६४ हे जुने स्वरूप देणारा, अधिक सुसंगत असा पर्याय निवडायला सांगा. आहेत त्या फितींची ५७६ ओळींची एमपेग-२ प्रत नव्या संगणकावर हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅमने करून आणा, म्हणजे ती इथे चालेल. मोबाइलमधली मूळ फाइल मात्र जपून ठेवा.

पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. त्यात एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. सेकंदाला ८ मेगाबिट या दराने उतरवलेले एमपेग-२ चित्र तासाला सुमारे ३.६ जीबी होते, म्हणजे दोन तासांचे व्याख्यान त्यात मावणारच नाही. एनटीएफएसने फॉरमॅट करा. एक्सपी आणि नव्या विंडोज दोन्ही ती पद्धत वाचतात. एक्सपीच्या फॉरमॅट खिडकीत पेन ड्राइव्हसाठी एनटीएफएस दिसत नसेल, तर नव्या संगणकावर फॉरमॅट करून आणा, आणि ड्राइव्ह काढताना दर वेळी 'सुरक्षितपणे काढा' वापरा.