27 आठवडे, 910 ग्रॅमचं बाळ आता 15 महिन्यांचं झालंय, पुढे काय काय बघायचं असतं?

लातूरची_सई

नमस्कार, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझं बीपी सातव्यात एकदम वाढलं आणि डॉक्टर म्हणाले आता थांबता येणार नाही. बाळाच्या फुप्फुसांसाठी म्हणून मला इंजेक्शनं दिली आणि दुसऱ्या दिवशी सिझर. 27 आठवडे पूर्ण, वजन 910 ग्रॅम. 68 दिवस काचेत होता. त्यातले 11 दिवस व्हेंटिलेटर, मग ते नाकातून हवेचा दाब देणारं सीपॅप. डोळ्यांना एकदा लेसर झालंय. डोक्याच्या सोनोग्राफीत डाव्या बाजूला ब्लीड होतं, कार्डावर ग्रेड थ्री, म्हणजे बऱ्यापैकी मोठं, असं लिहिलंय, पण नंतरच्या सोनोग्राफीत जिरत आलंय म्हणाले आणि आम्ही पण तो विषय सोडून दिला.

आता 15 महिने झालेत. बसतो छान, पोटावर सरकतो, सोफ्याला धरून कसाबसा उभा राहतो पण दोन मिनिटांत धपकन खाली. चालणं तर लांबच. शेजारचा मुलगा याच्यापेक्षा महिनाभर लहान आहे आणि तो घरभर पळतो, त्यामुळे रोज तुलना. डॉक्टर म्हणतात वय 12 महिनेच धरा, सासूबाई म्हणतात हे कसलं गणित, जन्मला तो दिवस खरा. नजर मात्र हुशार आहे, हाक मारली की बघतो, बाबा म्हणतो, आणि सगळं डाव्या हाताने ओढतो, आजेसासरे डावरे होते त्यांच्यावर गेलाय असं सगळे म्हणतात.

गूगल केलं तर रात्रभर रडले. तुमच्यापैकी कोणाची अशी मुलं मोठी झालीत का? शाळेत जमतं का? पुढे काय काय तपासत राहायचं? खरं खरं सांगा, धीर द्यायला म्हणून नको.

अठ्ठाविसावा_आठवडा

हजर! मी 1998 चा, मुंबईत जन्म, 28 आठवडे, 1050 ग्रॅम. सध्या नोकरी करतो, ट्रेनमध्ये लटकतो. चष्मा मायनस सहाचा, उंची घरात सगळ्यांत कमी, लहानपणी प्रत्येक पावसाळ्यात छाती भरायची. चाललो दीड वर्षाने, आई सांगते. बाकी नंतर लिहितो, मीटिंग आहे.

सिस्टर_कोल्हापूर

सई बाळा, मी 31 वर्षं नवजात अतिदक्षता विभागात काढली, आता घरी असते. आधी गणिताचं मिटवूया. पूर्ण दिवस 40 आठवडे, तुझा आला 27 ला, म्हणजे 13 आठवडे लवकर, म्हणजे तीन महिने. पंधरातून तीन गेले बारा. वाढ बघताना दोन वर्षांपर्यंत हेच वय धरायचं, सगळीकडे असंच करतात, तुझ्या डॉक्टरांनी मनाने काढलेलं नाही. बारा महिन्यांचं मूल धरून उभं राहतंय हे वेळेवर आहे. फक्त लस जन्मतारखेने द्यायची, तिथे तीन महिने वजा करायचे नाहीत. इथे पुष्कळ जण उलटं करतात, लस लांबवतात आणि चालायची घाई करतात.

शेजारच्या मुलाशी तुलना करायचीच असेल तर तो आणखी दोन महिने लहान होता तेव्हा काय करत होता ते आठवायला सांग सासूबाईंना.

डोळ्यांचं लेसर झालंय म्हणजे वेळेत तपासलं, हे नशीब समज. आपल्याकडे 34 आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या आतलं प्रत्येक बाळ महिन्याच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरने बघायला हवं, तुझ्यासारख्या अगदी लहान बाळांना तर दोन ते तीन आठवड्यांतच. पडद्याच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात, त्या बाहेर आल्यावर वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढतात. एकेकाळी भरमसाठ ऑक्सिजन देऊन असं फार व्हायचं, 1940-50 च्या सुमाराला परदेशात हजारो मुलं आंधळी झाली, तेव्हा कारणच कळत नव्हतं. पण लेसर झालं म्हणजे सुटलो असं नाही, पुढे मोठा नंबर, तिरळेपणा येऊ शकतो, तेव्हा डोळे तपासत राहायचं.

आणि कानाची बेरा, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ती तपासणी, झालीय का? नुसतं ते कानात बटण घालून दोन मिनिटांत पास म्हणतात ती ओएई झाली. काचेत राहिलेल्या बाळांना बेरा लागते, कारण कान ठीक असून पुढच्या नसेतच अडचण असेल तर ओएई पास दाखवते. फाईल काढून बघ.

शेवटचं, घरी बाळाला धुरी देत असाल तर बंद. ओवा, शेपा, गोवरी काहीही. व्हेंटिलेटरवर राहिलेलं फुप्फुस आहे ते. आणि कोणी वॉकर भेट दिला तर माळ्यावर टाक, मुलं टाचा टेकवत नाहीत त्यात.

लीड्सकर

आमची जुळी 25 आठवड्यांची, इथे इंग्लंडमध्ये, आता 9 वर्षांची. खरं सांगा म्हणालात म्हणून लिहितो. इथला एपिक्युअर अभ्यास प्रसिद्ध आहे, 1995 साली ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 25 आठवड्यांत किंवा त्याआधी जन्मलेली सगळी मुलं घेतली आणि मोठी होईपर्यंत मागे लागले. सहा वर्षांची असताना 22 टक्क्यांना गंभीर अपंगत्व, 24 टक्क्यांना मध्यम, 34 टक्क्यांना सौम्य, आणि उरलेल्या साधारण पाचातल्या एकाला काही नाही.

मुळामुठा

लीड्सकर, ती बाई रात्रभर रडून आलीय आणि तुम्ही टक्के ओतताय. आणि तिचं बाळ 27 आठवड्यांचं आहे, 25 चं नाही, त्या वयात दोन आठवडे म्हणजे केवढा फरक. शिवाय 1995.

लीड्सकर

मान्य, दोन आठवड्यांचा फरक फार मोठा असतो, ते आधी लिहायला हवं होतं. पण मला स्वतःला आकडे माहीत नसताना जास्त भीती वाटायची, म्हणून लिहिलं. तिच्या जवळचा आकडा देतो मग. नॉर्वेमध्ये 1967 ते 83 मध्ये जन्मलेल्यांची सगळी नोंद काढली, 23 ते 27 आठवड्यांत जन्मून वाचलेल्यांत सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हातपाय नीट न चालणं, साधारण 9 टक्क्यांना होती, पूर्ण दिवसांच्यात 0.1 टक्का. म्हणजे धोका प्रचंड वाढतो हेही खरं आणि दहातल्या नवांना ती नव्हती हेही खरं. आणि कॅनडात हॅमिल्टनला डॉ. सरोज सैगल यांनी 1977 ते 82 मधली एक किलोच्या आतली मुलं विशी-पंचविशीपर्यंत पाहिली, शाळा पूर्ण करणं, नोकरी किंवा पुढचं शिक्षण यात ती बरोबरीच्यांच्या जवळपास होती. मला त्यातलं सगळ्यांत आवडलेलं म्हणजे टीनएजर झाल्यावर त्यांनाच विचारलं की तुमचं आयुष्य कसं आहे, तर बहुतेकांनी चांगलं म्हणून सांगितलं, आणि गंभीर अपंगत्वाबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टर-नर्सना ते जेवढं वाईट वाटलं तेवढं या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना वाटलं नाही.

मुळामुठा

हां, हे आधी लिहायचं होतं ना. असो.

सई, माझी मुलगी 26 आठवडे, 840 ग्रॅम, आता आठवीत आहे, पुण्यात. तुला सांगते आमची चूक काय झाली. दीड वर्षाने चालली, दोन वर्षांनी भरभरून बोलायला लागली, डॉक्टर म्हणाले सगळं नॉर्मल, आम्ही पेढे वाटले आणि फॉलोअप बंद. पहिली-दुसरी निघून गेली. तिसरीत बाईंनी बोलावलं, तोंडी सगळं येतं पण वहीत काही नाही. फळ्यावरून उतरवताना ओळ सुटते, बेरजा एकाखाली एक मांडता येत नाहीत, हात दुखतो म्हणते. आम्ही काय केलं, तर आळशी म्हणून ओरडलो, दोन वर्षं, ट्यूशन लावली, शुद्धलेखनाची दहा दहा पानं लिहून घेतली. पाचवीत एका नातेवाईक डॉक्टरने विचारलं की ही किती आठवड्यांची होती, आणि मग टेस्ट. आयक्यू चांगला, पण डोळ्याने बघून हाताने उतरवायचं जे काम असतं तिथे कच्ची, आणि लक्ष टिकत नाही. दंगा नाही करत, खिडकीतून बाहेर बघत बसते, त्यामुळे कोणाला कळत नाही.

नंतर समजलं की हे आपल्याच पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. सुधा चौधरींच्या टीमने कधीच दाखवून दिलं होतं. 1987 ते 89 मध्ये जन्मलेली दोन किलोच्या आतली मुलं त्यांनी अठरा वर्षांची होईपर्यंत बोलावून बोलावून तपासली. आयक्यू सरासरी नॉर्मलमध्ये, पण बरोबरीच्यांपेक्षा थोडा खाली, आणि अडकतात कुठे तर लिखाणात आणि गणितात. आमच्या घरापासून तो दवाखाना रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे हो. आणि आम्ही पोरीला आळशी म्हणत होतो.

आता ऑक्युपेशनल थेरपी चालू आहे, शिकण्यातल्या अडचणीच्या सर्टिफिकेटची प्रोसेस सुरू आहे, दहावीला बोर्डाकडून जास्तीचा वेळ मिळतो. तेव्हा दोन वर्षांनी सगळं ठीक म्हणाले तरी शाळेत घालायच्या आधी एकदा, पहिली-दुसरीत एकदा तपासून घे. बाईंना ॲडमिशनच्या वेळीच सांग किती आठवड्यांचा ते. लाज कसली त्यात.

अठ्ठाविसावा_आठवडा

मुळामुठा ताई, खिडकीतून बाहेर बघणारा मीच तो. गणितात 35 वर पास.

मीटिंग संपली. मोठेपणीचं सांगतो कारण ते कोणी सांगत नाही. 24 व्या वर्षी ऑफिसच्या मेडिकलमध्ये बीपी वाढलेलं निघालं, वजन जास्त नाही, सिगारेट नाही. डॉक्टरने टेन्शन घेऊ नका म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्या डॉक्टरांनी जन्माचं विचारलं. किडनीची गाळणी आईच्या पोटात साधारण 34-36 आठवड्यांपर्यंत तयार होत असते, लवकर बाहेर आलं की ती कमी भरतात, त्यामुळे पुढे बीपीचा धोका वाढतो. स्वीडनमध्ये मोठ्या झालेल्यांचं पाहिलंय, 28 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या सगळ्यांपैकी 22 टक्के जण हयात होते आणि त्यांना कुठलाही मोठा आजार नव्हता, पूर्ण दिवसांच्यात हे 63 टक्के. म्हणजे आम्ही कमी आहोत पण आहोत. सांगायचं एवढंच की मुलगा मोठा झाला की फाईल रद्दीत घालू नका, माझ्या आईने घातली होती. कुठलाही डॉक्टर नवीन असला की स्वतःहून सांगायचं, मी अपुऱ्या दिवसांचा.

नागपुरी_फिजिओ

सगळं वाचलं. चालण्याबद्दल सिस्टरांनी सांगितलंच आहे, त्याची मला काळजी नाही. मला तुमचं एक वाक्य खटकलं, सगळं डाव्या हाताने ओढतो.

इतक्या लहान वयात मूल डावरं किंवा उजवं ठरत नसतं. वर्ष-दीड वर्षापर्यंत दोन्ही हात सारखे वापरायला हवेत. एकच हात वापरत असेल तर तो हात आवडतो असं नाही, दुसरा कमी चालतोय का ते बघावं लागतं. आणि ब्लीड डावीकडे होतं म्हणालात, मेंदूची डावी बाजू उजवा हातपाय चालवते. मी स्क्रीनवरून निदान करत नाही, शक्यता सांगतेय, पण हे पुढच्या व्हिजिटपर्यंत ठेवू नका.

घरी एवढं बघा: झोपेत नाही, जागा असताना उजवी मूठ उघडी असते की मिटलेली, अंगठा आत दाबलेला असतो का. डावा हात अलगद धरून ठेवा आणि उजवीकडून खेळणं दाखवा, पुढे येतो का हात, आणि उघडून येतो का. सरकताना उजवा पाय मागे ओढला जातो का. उभा असताना उजवी टाच टेकते का. मोबाईलवर व्हिडिओ काढा, दवाखान्यात मुलं काही करून दाखवत नाहीत.

काही निघालंच तर दोन वर्षांच्या आत सुरू केलेल्या व्यायामाचा फायदा होतो, मेंदू अजून रस्ते बदलत असतो. खेळाच्या वेळी चांगल्या हाताला थोडा वेळ मोजा घालून दुसऱ्याला कामाला लावायची एक पद्धत असते. पण ती स्वतःच्या मनाने करू नका, वेळ आणि प्रकार ठरवून द्यावा लागतो. लातूरला जिल्हा पातळीवरचं डीईआयसी विचारा, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरून उपचार करणारं सरकारी केंद्र, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं. तो कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला होता. तिथे डॉक्टर, फिजिओ, कान, डोळे एका छताखाली मिळायला हवं, आणि पैसे लागत नाहीत.

लातूरची_सई

तुम्हा सगळ्यांचं काय सांगू, चार दिवस लिहायचं धाडस होत नव्हतं.

केलं सगळं. डावा हात धरला की चिडतो, मग उजवा येतो, पण उशिरा येतो आणि मूठ पूर्ण उघडत नाही, मनगटाने ढकलतो खेळणं. टाच कधी टेकते कधी नाही. सासूबाईंनाच आधी दिसलं खरं तर, त्या म्हणाल्या अगं आंघोळीला उजव्या तळहातात नेहमी मळ साठलेला असतो, मूठ उघडतच नाही ना. इतके महिने त्या रोज तो मळ काढत होत्या आणि आम्हाला कोणालाच अर्थ लागला नाही. आता शेजारच्या मुलाचं नाव काढत नाहीत.

बेरा झालेली नाही, फाईलमध्ये फक्त ओएई पास आहे. डीईआयसीला मंगळवारची वेळ मिळालीय, दोन्ही तिथेच होईल म्हणाले. धुरी बंद केली, शेगडी उचलून ठेवली. चार व्हिडिओ काढलेत. सोबत आणखी काय नेऊ?

नागपुरी_फिजिओ

सासूबाईंना घेऊन जा, रोज आंघोळ त्या घालतात तर डॉक्टरांना त्यांच्याकडूनच जास्त कळेल. डिस्चार्ज कार्ड, दोन्ही सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि डोळ्यांचे कागद न्या. बिनबाह्यांचं झबलं घाला, मोजे नकोत. भुकेला किंवा झोपेला आलेला असताना नेऊ नका, आणि त्याच्या आवडीचं एक खेळणं बरोबर असू द्या. मंगळवारी रात्री इथेच लिहा.