राज्यघटना शिकवणाऱ्याने कोर्टाची पायरी चढलेली असावी का?

काळा डगला (धागाकर्ता)

आपल्याकडे विधी महाविद्यालयात राज्यघटना शिकवायला कोण येतं? एलएलबी झालं, लगेच एलएलएम, मग सेट किंवा नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, जमल्यास पीएचडी, आणि थेट वर्गात. या वाटेवर उच्च न्यायालयात एक रिट याचिकासुद्धा दाखल करावी लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि नेट-सेट किंवा पीएचडी लागते. वकिलीचा अनुभव किमान अटींत कुठेच नाही.

परिणाम समोर दिसतो. माझ्याकडे येणाऱ्या ज्युनियरना अनुच्छेद २२६ खालचे पाचही रिट तोंडपाठ असतात. पण पर्यायी उपाय उपलब्ध आहे एवढ्या एका आक्षेपावर याचिका पहिल्याच तारखेला निकालात निघू शकते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांत सुरुवातीलाच 'रूल, रिटर्नेबल फोर्थविथ' (याचिका दाखल करून घेऊन लगेच अंतिम सुनावणी) असं येतं, त्याचा अर्थ विचारला की चेहरे कोरे.

माझं म्हणणं सरळ आहे. घटना शिकवणाऱ्या पूर्णवेळ शिक्षकाला उच्च न्यायालयातली किमान पाच वर्षांची वकिली सक्तीची करा. ज्यांच्या पुस्तकावर आपण सगळे वाढलो ते सीरवाई १९५७ ते १९७४ आधी मुंबई राज्याचे आणि मग महाराष्ट्राचे महाधिवक्ता (सरकारचे मुख्य वकील) होते, आणि ग्रंथाची पहिली आवृत्ती त्याच काळात, १९६७ ला आली. बाबासाहेब १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले तेही बॅरिस्टर होऊन, वकिली करून. नुसत्या प्रबंधावर घटना शिकवता येत नाही.

तासिकावाला

वकीलसाहेब, तुम्ही मागताय त्याच्या आड तुमच्याच बार कौन्सिलचा नियम ४९ येतो. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. म्हणजे पाच वर्षं प्रॅक्टिस करायची, अशिलं जमायला लागली की सनद (वकिलीचा परवाना) स्थगित करायची, आणि मग आमच्यासारखं तासिका तत्त्वावर रांगेत उभं राहायचं. कारण कायम जागा निघतच नाहीत. तासिकांचे पैसे कधी मिळतील हे प्राचार्यही सांगू शकत नाहीत. पाच वर्षं उच्च न्यायालयात टिकलेला कुठला वकील यासाठी येईल?

उलट बाजूने वाट आहेच. १९७९ च्या नियमांनुसार वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवता येतं. आमच्याकडे असे एक वकील घटना शिकवायचे. माणूस हुशार, बोलणं ऐकत राहावं असं. पण मॅटर बोर्डावर लागलं की तास रद्द. मूलभूत हक्क संपेपर्यंत परीक्षा आली, आणि केंद्र-राज्य संबंध मुलांनी बाजारातल्या गाइडवरून केले.

वडसा पॅसेंजर

आमच्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. त्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं ते चार कायदा शिक्षकांनी: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धगमवार. देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला.

आता मला सांगा, ज्याला सोमवारी त्याच न्यायाधीशांपुढे उभं राहून अंतरिम आदेश मागायचा आहे, तो रविवारी असं पत्र लिहील का? कोर्टाच्या दारात पोट नसणं हाच शिक्षकाचा फायदा आहे. तुम्ही तो अपात्रता म्हणून मांडताय.

काळा डगला

@वडसा पॅसेंजर, पत्राचं मोल मी कमी लेखत नाही. पण तो विषय फौजदारी आणि पुरावा कायद्याचा, घटनेचा नव्हे. आणि कोर्टावर टीका करणारे वकीलही भरपूर झालेत. सीरवाईंनी निकालांवर जी झोड उठवली आहे ती वाचा, मग पोटाचं बोलू.

वडसा पॅसेंजर

घटनेचाच विषय हवा? १९८१ घ्या. आग्र्याच्या संरक्षणगृहातल्या बायकांच्या हालअपेष्टांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठवून अनुच्छेद २१ चा (जीविताच्या हक्काचा) प्रश्न उभा करणारे बक्षी आणि लतिका सरकारच होते. त्यातल्या लतिका सरकार केंब्रिजच्या पीएचडी. तुमच्या पाच वर्षांच्या चाळणीतून त्या खाली पडल्या असत्या.

सीरवाई पटले. पण महाधिवक्त्याने झोड उठवणं आणि ज्युनियरने उठवणं यात फरक आहे हे तुम्हालाही माहीत आहे.

लकडी पूल

दोन्ही बाजू एलएलबीच्या कुंपणातच फिरताय. डॉ. डी. सी. वाधवा आठवतात का कोणाला? पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ. बिहारमधल्या जमीन कसण्याच्या पद्धतींवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की तिथे विधिमंडळ बाजूला ठेवून अध्यादेशांवर राज्य चाललंय. त्यांनी राजपत्रं चाळली. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश, आणि तेच ते पुन्हा जारी करून एकेक १ ते १४ वर्षं जिवंत ठेवलेला. त्यांच्या याचिकेवर घटनापीठाने डिसेंबर १९८६ मध्ये निकाल दिला, ही घटनेशी केलेली लबाडी आहे असं ठरवलं आणि त्यांना दहा हजार रुपये खर्च द्यायला लावला.

अनुच्छेद २१३ (राज्यपालांचा अध्यादेशाचा अधिकार) बिहारमधले वकील रोज वाचत असतील. राजपत्रांची थप्पी उपसायची बुद्धी अर्थशास्त्राच्या माणसाला झाली. आणि धागाकर्त्याने बाबासाहेबांची वकिली सांगितली, डॉक्टरेट का नाही सांगितल्या? दोन्ही अर्थशास्त्रातल्या, कोलंबिया आणि लंडन. कोलंबियाचा प्रबंध तर ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर. वित्त आयोग, करांची वाटणी हे प्रकरण शिकवायला मला तरी असाच माणूस हवा.

नेकारकाठ (सध्या मुक्काम जर्मनी)

हायडेलबर्गची गोष्ट सांगायलाच हवी. तिथल्या दक्षिण आशिया संस्थेतले कायद्याचे प्राध्यापक डीट्रिश कॉनराड यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान दिलं. विषय, घटनादुरुस्तीच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा असतात का. त्यांनी विचारलं, दुरुस्ती करून अनुच्छेद २१ काढून टाकता येईल? घटनाच रद्द करून मुघल बादशहाचं किंवा इंग्लंडच्या राजमुकुटाचं राज्य परत आणता येईल? हिटलरच्या आधीच्या जर्मनीच्या वायमार घटनेचं काय झालं हे माहीत असलेल्या देशातून आलेला माणूस होता, त्याला हे प्रश्न काल्पनिक वाटत नव्हते. हाच युक्तिवाद १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात पोचला, आणि १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा बहुमताने मूलभूत संरचनेचा सिद्धांत, म्हणजे घटनेचा गाभा दुरुस्तीनेही बदलता येत नाही हे, मान्य केलं. त्या पीठातल्या न्या. खन्नांनी आपल्या निकालात कॉनराडांचा आधार घेतला आहे.

काळा डगला

पोचला तो कोणी पोचवला? एम. के. नंबियार या वकिलाने! व्याख्यान बनारसलाच राहिलं असतं. केशवानंदमध्ये याचिकाकर्त्यांचे वकील नानी पालखीवाला उभे नसते तर कॉनराड आज तळटीपेत तरी असते का? माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध करताय.

नेकारकाठ

नंबियारना ते व्याख्यान मिळालंच नसतं तर, हेही विचारा.

पण जर्मनीचं अर्धं सांगायचं राहिलं, ते तुमच्या बाजूचं आहे. इथे कायद्याचे बहुतेक प्राध्यापक दोन राज्य परीक्षा दिलेले असतात, आणि दोन्हींच्या मध्ये साधारण दोन वर्षं न्यायालय, सरकारी वकिलाचं कार्यालय, प्रशासन अशा ठिकाणी उमेदवारी असते. शिवाय न्यायाधीश होण्याची पात्रता असलेला विद्यापीठातला प्राध्यापक घटना न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडू शकतो. त्या न्यायालयात न्यायाधीश म्हणूनही प्राध्यापक जातात. म्हणजे प्राध्यापकी आणि कोर्ट यांत आपल्यासारखी भिंत नाही. भिंत तशीच ठेवून एका बाजूच्या माणसाला दुसऱ्या बाजूचा अनुभव का नाही म्हणून विचारायचं, हा न्याय काही कळला नाही.

स्पष्टवक्ती

भिंत दुसऱ्या बाजूनेही बघा. अनुच्छेद १२४(३) नुसार 'नामवंत विधिज्ञ' म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता येतं. आजवर त्या कलमाखाली एकही नेमणूक नाही. उच्च न्यायालयांसाठी अशीच तरतूद ४२ व्या दुरुस्तीने आणली, ४४ व्या दुरुस्तीने काढूनही टाकली. शिक्षकाला कोर्टात घ्यायचं नाही, पण शिकवायला मात्र कोर्टातलाच माणूस पाहिजे.

आणि पाच वर्षं उच्च न्यायालयात म्हणजे नक्की कुठे? मुंबई, नागपूर, संभाजीनगर, आता २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच, नाहीतर गोव्यात पर्वरी. नंदुरबार किंवा सिंधुदुर्गातल्या पहिल्या पिढीच्या वकील मुलीने तिथे खोली घेऊन, सिनियरच्या हाताखाली मिळेल त्या पैशात पाच वर्षं काढायची? ज्यांच्या घरी चेंबर आहे तेच काढू शकतात, आणि त्यांना प्राध्यापकी नकोच असते. सेट परीक्षेला काय हवं ते म्हणा, ती आडनाव बघत नाही. तुमची अट लावली तर घटना शिकवणाऱ्यांतून अशा मुली आधी गळतील. समतेचा अनुच्छेद शिकवायला ही भरती छानच!

काळा डगला

@स्पष्टवक्ती, हा आक्षेप आतापर्यंतचा सगळ्यात जड आहे. उच्च न्यायालयाऐवजी 'कुठल्याही न्यायालयात' एवढा बदल मान्य. ज्युनियरला विद्यावेतन मिळालंच पाहिजे हेही मान्य. अट मात्र सोडत नाही. डॉक्टर न होता कोणी शस्त्रक्रिया शिकवतं का?

तासिकावाला

डॉक्टर नसलेले शरीररचना शिकवतातच की. शिवाय तुमच्यासाठी यूजीसीने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' काढलंय. पंधरा वर्षांचा अनुभव, पीएचडीची अट नाही, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त चार वर्षं. या पदाचा उपयोग माहितीपत्रकावर एखाद्या निवृत्त न्यायमूर्तींचा फोटो छापायला होणार असं मला वाटतं. तुम्ही येणार असाल तर आनंदच आहे. पण उत्तरपत्रिका तपासायला आणि नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फायली भरायला आम्हीच असणार.

तिसरं वर्ष

विद्यार्थी म्हणून दोन पैसे. आम्हाला पूर्णवेळच्या मॅडमनी संविधान सभेतली चर्चा वाचायला लावली. २५ नोव्हेंबर १९४९ चं बाबासाहेबांचं भाषण वर्गात अख्खं वाचलं, दोन तास गेले, कोणी उठलं नाही. नंतर एक वकील आले, त्यांनी सेवाविषयक याचिकेचा खरा मसुदा दाखवला, नावं झाकून. त्यातला 'ग्राउंड्स'चा (याचिकेच्या कारणांचा) भाग बघून कळलं की समतेचा अनुच्छेद १४ प्रत्यक्षात कसा लिहितात. मॅडमनी कधी वकिली केली नाही. वकिलांनी सभेतली चर्चा वाचली नव्हती, विचारलं तेव्हा हसून विषय बदलला. मला सक्तीच करायची असेल तर मी आधी वकिलांना वाचायची करीन :)

लकडी पूल

@काळा डगला, एक व्यवहारी शंका. पाच वर्षांच्या वकिलीचा दाखला कोण देणार? सनद घेऊन घरी बसलेला आणि रोज कोर्टात उभा राहणारा, दोघांचीही सनद सारखीच जुनी होते.

काळा डगला

वकालतनामे आणि हजेरी नोंदलेले आदेश जोडायला लावता येतील. न्यायाधीश भरतीत काही ठिकाणी तसं मागतात.

तासिकावाला

आदेशात नाव सिनियरचं असतं. ज्युनियरचं लिहायला विसरतात.