शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटतात: कार्ट्रिज सदोष की बसवण्यात चूक?

प्रश्न
टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर (तबकड्या वाजवण्याच्या यंत्रावर) मी गेल्या आठवड्यात ऑडिओ-टेक्निकाचे एटी-व्हीएम९५ई हे कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला आणि तिच्या कंपनांचे विद्युत संकेत करणारा भाग, स्वतः बसवले. चारही तारा रंग पाहून जोडल्या आणि सुईचा भार २ ग्रॅमवर आणला. एलपीची पहिली दोन गाणी सुरेख वाजतात. पण सुई लेबलाजवळ पोचू लागली, की गायिकेचे 'स' आणि 'श' फाटू लागतात. पाच-सहा तबकड्यांवर हेच घडले. कार्ट्रिज बदलून मागावे का?

उत्तर १
इतक्यात परत करू नका. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेत असली, तरी कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज तिथे दाटीवाटीने कोरलेला असल्यामुळे, कडेला खपून गेलेली बसवण्यातली चूक आत आल्यावर उघडी पडते. तुमच्या टोनआर्मसाठी (सुई पेलणाऱ्या दांड्यासाठी) सुईचे टोक आणि हेडशेलची, म्हणजे कार्ट्रिज ज्यात बसते त्या पुढच्या भागाची, टोनआर्मला टेकणारी मागची कड यांतील अंतर ५२ मिलिमीटर हवे. कार्ट्रिजचे स्क्रू किंचित सैल करून ते मोजा. समोरून पाहताना कार्ट्रिज हेडशेलमध्ये तिरके दिसता कामा नये.

उत्तर २
अंतराआधी भार तपासावा, असे माझे मत आहे, कारण सुरुवातीला मीही तिथेच फसलो होतो. अँटी-स्केटिंग (सुईला आत खेचणारी ओढ तोलणारी कळ) शून्यावर ठेवा, सुईचे झाकण काढा आणि टोनआर्म हवेत आडवा तरंगेल इतके काउंटरवेट, म्हणजे त्याच्या मागच्या टोकाचे वजन, फिरवा. मग वजन बोटांनी स्थिर धरून पुढची आकड्यांची चकती तेवढी शून्यावर आणा आणि त्यानंतर चकतीसह अख्खे वजन २ पर्यंत फिरवा. मी नुसती चकतीच २ वर नेली होती. त्यामुळे आकडा २ दिसत होता आणि सुईवर भार मात्र काहीच नव्हता! शेवटी अँटी-स्केटिंगही २ वर ठेवा. सुईचा भार मोजणारा डिजिटल काटा घेतलात, तर हा सगळा संशयच मिटेल.

उत्तर १
काट्याबद्दल सहमत आहे. मात्र काटा चुंबकाला ओढला जाणाऱ्या लोखंडाचा नसावा, कारण कार्ट्रिजमधल्या चुंबकामुळे आकडा चुकतो. आणखी एक सांगतो: तारा पुन्हा काढाव्या लागल्या, तर चिमट्याने क्लिप धरून ओढा, तार ओढू नका. पांढरी आणि निळी तार डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. कार्ट्रिजच्या पिनांवर तारा सोल्डर करण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका. आतली तारेची वेटोळी केसाहून बारीक असतात, ती उष्णतेने बिघडू शकतात.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. काट्यावर भार १.९ ग्रॅम भरला, म्हणजे त्यात फारसे चुकले नव्हते. अंतर मात्र ४९ मिलिमीटर निघाले. स्क्रू खाचेत मागे सरकवून मी कार्ट्रिज तसेच आवळून टाकले होते. ते ३ मिलिमीटर पुढे घेऊन भार पुन्हा जुळवला आणि चार तबकड्यांवरची शेवटची गाणी स्वच्छ झाली. एक जुनी, सेकंडहँड घेतलेली एलपी अजूनही तशीच फाटते.

उत्तर २
त्या एलपीची खोबण आधीच्या मालकाच्या झिजलेल्या सुईने खरवडली असणार. तिला आता कोणतीही जुळवणी उपयोगी पडणार नाही. दुसरी प्रत शोधा.