६जी पाइपचा रूट खाली बसेना, १२ दिवसांनी परत टेस्ट आहे, कोणीतरी सांगा की

मच्छेकर_वेल्डर:
नमस्कार मंडळी, मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फॅब्रिकेशन शेडमध्ये सहा वर्षं झाली काम करायलोय, आयटीआय झालंय. रोजचं काम म्हणजे उसाच्या ट्रॉल्या, शेडचे ट्रस, मशीनचे बेस, सगळं ६०१३ रॉडवर (हे आकडे म्हणजे वेल्डिंग रॉडचे प्रकार) आणि त्यात हात चांगला बसलाय. गेल्या महिन्यात गोव्याकडं एका ठिकाणी पाइप वेल्डरची टेस्ट दिली, ६ इंची शेड्यूल ८० चा पाइप, म्हणजे जाडी जवळजवळ ११ एमएम, ४५ डिग्रीत तिरका बांधलेला (यालाच ६जी म्हणतात), रूट म्हणजे तळाचा पहिला थर ६०१० ने खालून वर आणि त्यावर फिलिंग कॅपिंग, म्हणजे मधले आणि वरचे थर, ७०१८ ने. वरनं बघायला एकदम बरा दिसत होता पण एक्स-रेत उडाला. सहा वाजताच्या जागी (घड्याळासारखं धरायचं, म्हणजे पाइपच्या तळाला) रूट पाइपात उतरायच्या ऐवजी उलटा बाहेर ओढला गेलाय, तीन वाजता जिथं रॉड संपला तिथं जोड फ्यूज झाला नाही, आणि फिलिंगखाली दोन्ही बाजूला स्लॅगची (रॉडवरचा लेप वितळून उरलेला मळ) बारीक रेघ. परत एकदा चान्स देतो म्हणालेत. घरी प्रॅक्टिससाठी सिंगल फेजचा छोटा इन्व्हर्टर (वेल्डिंग मशीन) घेतला पण ६०१० लावला की आर्क सारखा विझतोय, माझा हात चुकतोय का मशीन ते कळेना. रात्री झोप लागत नाही, घरी सगळे या कामाकडं डोळे लावून बसलेत. काय सुधारू ते सांगा.

निपाणीचा_पाइपवाला:
बाळा, २५ वर्षं पाइपवर गेली माझी, आधी साखर कारखान्यांच्या ऑफ सीझनच्या कामात, मग आखातात. तुझं लिहिलेलं वाचून सांगतो, तुझी टेस्ट आर्क मारायच्या आधीच गेली. ट्रॉलीला गॅप कमी जास्त झाला तर आपण भरून घेतो, इथं तसं चालत नाही. बेव्हल (काठाचा उतार) किती ठेवलास, लँड (उताराच्या टोकाला ठेवलेली सपाट कड) किती, गॅप किती यातलं काहीच तू लिहिलं नाहीस, म्हणजे त्याकडं लक्ष नव्हतं.

बेव्हल एका बाजूला ३० ते ३७ डिग्री, लँड दीड ते दोन एमएम आणि ती गोल सगळीकडं सारखी, फाइल मारून हाताला लागली पाहिजे. गॅप अडीच ते तीन एमएम. मी ३.१५ एमएमच्या रॉडचा फ्लक्स (वरचा लेप) झाडून तारेला यू आकार देऊन मध्ये ठेवतो आणि चार टॅक (छोटे टाके) मारतो. पहिला टॅक ओढून घेतो गॅप, म्हणून दुसरा समोरासमोर, मग बाजूचे दोन. टॅक मारला की त्याची दोन्ही टोकं पातळ डिस्कनं उतरती करायची, कागदासारखी. तुझा तीन वाजताचा जोड इथंच गेला. रॉड संपला की तेच करायचं, जिथं थांबलास तिथं घासून उतार करायचा मग नवीन रॉड मागनं चालू करून त्या उतारावरनं आणायचा, उतार संपतो तिथं कीहोल (आर्कच्या पुढं पडणारं छोटं भोक) उघडलेला दिसेपर्यंत पुढं सरकायचं नाही.

आता सहा वाजताचं. खाली रॉड आत ढकलायचा असतो, म्हणजे खरंच गॅपात घालायचा, आर्कचा आवाज पाइपाच्या आतनं पोकळ यायला पाहिजे. तू बाहेर लांब आर्क धरलास म्हणून धातू खाली लोंबला आणि आतनं खड्डा पडला. आणि नेमकं सहावर कधी चालू करू नकोस, साडेसहाच्या जागी चालू कर, सहा ओलांडून वर ये म्हणजे दुसऱ्या बाजूनं येताना जोड तळात येत नाही. ३.१५ ला ७५ ते ८५ अँपियर बघ, पाइप तापत गेला की वर जाताना दोन चार कमी लागतील. कीहोल रॉडपेक्षा थोडाच मोठा ठेवायचा. मोठा व्हायला लागला की रॉड पुढं झटकायचा, अर्धा सेकंद गार होऊ द्यायचा आणि परत मागं. बंद व्हायला लागला तर आत दाब. डोळा कीहोलवर, उजेडावर नाही.

कंग्राळीकर:
मशीनचं मी सांगतो कारण हेच माझ्यावर बीतलंय. हात नाही चुकत तुमचा. ६०१० ला ओपन सर्किट व्होल्टेज (आर्क लागायच्या आधीचं मशीनचं व्होल्टेज) जास्त लागतं आणि रॉड झटकताना आर्क लांब होतो तेव्हा स्वस्तातले छोटे इन्व्हर्टर सोडून देतात. शेडमधला जुना ट्रान्सफॉर्मर पण चालणार नाही, तो एसी आहे आणि ६०१० ला डीसी लागतो, होल्डर पॉझिटिव्हला. कुठं डीसी रेक्टिफायर मिळत नसेल तर ६०११ घ्या, ते एसीवर पण चालतं आणि कीहोलचा अंदाज बऱ्यापैकी तसाच येतो. पण शेवटचे चार दिवस तरी ६०१० वरच करा, भाड्यानं का होईना मोठी मशीन बघा. आणि संध्याकाळी व्होल्टेज पडतंय तेव्हा सेटिंग ठरवू नका, सकाळी ठरवलेलं सगळं फिरतं.

जांबोटी_रोड:
रॉड कुठं ठेवतोस गा तू? आमच्या खानापूर भागात पावसाळ्यात पाकीट रात्रभर उघडं राहिलं तर ७०१८ कामातनं गेलं समज, ओल धरतं आणि मग पोरोसिटी (वेल्डमध्ये वायूची बारीक भोकं), जाड मालाला तर नंतर क्रॅक पण येतो. ७०१८ ओव्हनमधूनच काढायचा, थोडे थोडे, गरम डब्यात घेऊन. पण ६०१० चुकूनसुद्धा ओव्हनमध्ये टाकू नकोस, त्याच्या फ्लक्समध्ये सेल्युलोज असतं आणि थोडी ओल मुद्दाम ठेवलेली असते, ती उडाली की आर्कचा जोर जातो. आमच्या शेडमध्ये एका पोरानं चांगल्या मनानं दोन्ही पाकिटं एकत्र भाजली होती आणि आठवडाभर सगळे करंटला दोष देत बसलेले.

चिकोडीच्या_मॅडम:
मी आयटीआयला वेल्डर ट्रेडला शिकवते. स्लॅगच्या रेघेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ६०१० चा रूट मध्ये उंच आणि दोन्ही काठाला खोल नाली असा बसतो, त्या नालीत स्लॅग अडकतो आणि नुसत्या वायरब्रशनं निघत नाही. मधला उंचवटा ग्राइंडरनं घासून नाली उघडी करा, पण रूट पातळ होईल इतकं घासू नका. मग पुढचा रन (थर) जरा जास्त करंटवर मारा म्हणजे उरलेलं वितळून वर येतं.

७०१८ ला झटकायची सवय नेऊ नका. ६०१० वरनं आलेला हात इथं पण झटकतो, मी रोज बघते. आर्क एकदम आखूड, रॉड जवळजवळ टेकलेला. परत चालू करताना रॉडच्या टोकावरचा काचेसारखा स्लॅग फोडून घ्या, खड्ड्याच्या दहा बारा एमएम पुढं नालीतच आर्क मारा, मागं खड्ड्यात या आणि मग पुढं चला. म्हणजे सुरुवातीची पोरोसिटी त्याच रनखाली वितळून जाते. ३.१५ ला १०० ते ११५ मध्ये बघा. ४५ डिग्रीत धातू खालच्या काठाकडं ओघळतो आणि वरच्या काठाला अंडरकट (काठ खाऊन पडलेली खाच) पडतो, म्हणून वरच्या काठाला जास्त थांबायचं. कॅपला रुंद वीव्ह (रॉड इकडं तिकडं हलवत) करून पोरं फसतात, मी तरी सरळ बारीक रन एकावर एक अर्धा चढवूनच करायला लावते, खालच्या काठापासून वर. निपाणीचे दादा कदाचित वीव्ह म्हणतील.

आणि दर वेळी एक्स-रे कुठनं आणणार, म्हणून जोडाचे पट्टे कापा, वेल्डच्या मधोमध हॅकसॉनं खाच द्या, व्हाइसमध्ये धरून हातोड्यानं मोडा. आत स्लॅग, पोरोसिटी, न फ्यूज झालेली कड सगळं उघडं दिसतं.

निपाणीचा_पाइपवाला:
मॅडम, वीव्ह मी करतो पण नवीन माणसाला तुमचंच बरोबर आहे, टेस्टला रन मारून पास व्हायचं. एक राहिलं बाळा. पाइप टेबलावर ठेवून प्रॅक्टिस करायची नाही, टेस्टला ज्या उंचीला बांधतात त्याच उंचीला स्टँडला टॅक करून बांध, एकदा बांधला की फिरवायचा नाही. आर्क न मारता आधी थंड रॉड घेऊन सहापासून बारापर्यंत हात फिरवून बघ, कुठं कोपर अडतं, कुठं गुडघा टेकवायचा ते ठरव. पहिले पाच दिवस नुसता रूट, कॅपकडं बघू पण नको. पास झालास तर ६जी वर बाकीच्या सगळ्या पोझिशन चालतात, पण त्या प्रोसेसचं काम सहा महिने केलं नाहीस तर सर्टिफिकेट जातं, म्हणून कामाची नोंद ठेवायला सांग. कारखान्याच्या बॉयलरला मात्र हे चालत नाही, तिथं आयबीआर १९५० (बॉयलरचे सरकारी नियम) चं वेगळं लागतं.

मच्छेकर_वेल्डर:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कोणी समोर बसवून सांगितलं नव्हतं. दादा, खरं आहे, लँड मी अंदाजानं ठेवली होती, एका बाजूला एक एमएम आणि दुसऱ्या बाजूला तीन असेल. शेडमालकांनी रविवारी मोठा रेक्टिफायर वापरायला दिला. भंगारातनं ६ इंची पाइपचे तुकडे आणले, तीन रिंगा केल्या. पहिल्या दोन तळात तशाच खड्डा पडलेल्या. तिसरीला साडेसहाला चालू केलं, रॉड आत दाबला आणि तो पोकळ आवाज आला, पहिल्यांदाच. टॉर्च मारून आत बघितलं तर तळात दीड एमएम उतरलाय रूट, सारखा. तीन वाजताचा जोड अजून थोडा जाड बसतोय. मॅडम सांगितल्या तसे पट्टे उद्या मोडून बघतो आणि कसे निघाले ते इथं लिहितो.