विषय: डिसेंबरात गावाकडं जायचंय, गाडी कोणती घ्यावी?

केजची लेक, न्यू जर्सी:

मंडळी, नमस्कार.

डिसेंबरपासून सहा आठवडे गावाकडं आहोत. आम्ही दोघं, दोन पोरं, आणि तिथून पुढं सोबत आई. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. गाव केज-अंबाजोगाई रस्त्यापासून नऊ किलोमीटर आत, त्यातले शेवटचे दोन मातीचे. परळी, औंढा नागनाथ, तेर, धारूरचा किल्ला असं सगळं पोरांना दाखवायचंय.

मागं फ्रान्सला गेलो तेव्हा २४ दिवस गाडी लीजवर घेतली होती. लाल नंबरप्लेटची कोरी गाडी, विमा सगळा त्यातच. तसं आपल्याकडं काही मिळतं का? ह्यांनी थारचा हट्ट धरलाय. म्हणतात, गावाकडचा रस्ता म्हणजे फोर बाय फोरच पाहिजे. मला पटत नाही, पण गाड्यांतलं मला काय कळतं.

लातूरचे काका:

अगं, लीजचं आधी डोक्यातून काढ. फ्रान्सची ती सोय युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी आहे. आपल्याकडं लीज म्हणजे वर्षा-दोन वर्षांचा करार, तो कंपन्यांच्या साहेब लोकांना परवडतो. सहा आठवड्यांना भाड्याचीच गाडी घ्यायची, आणि घेताना नंबरप्लेट बघायची: पाटी काळी, अक्षरं पिवळी. स्वतः चालवायला भाड्यानं द्यायची परवानगी त्याच गाडीला असते. "मित्राची गाडी आहे, पांढऱ्या पाटीची, स्वस्तात देतो" म्हणणारा कुणीतरी भेटणारच. उद्या कुठं ठोकली की विमा कंपनी हात वर करते.

आता जावईबापूंची थार. तीन दारांच्या थारमध्ये माणसं बसतात चार, तुम्ही आहात पाच. पाच दारांची घेतली तरी वहिनींना चढवायला पाट लागेल. आणि फोर बाय फोर कामाला येतं ते चाक पकड सोडतं तेव्हा. डिसेंबरात काळी माती वाळून भेगाळलेली असते, पकडीचा प्रश्नच नाही. पावसाळ्यात तिचा गारा झाला की फोर बाय फोर पण फसते. टायरच्या खाचा भरतात, मडगार्डात गोळा बसतो, चारही चाकं जागेवर गरगरतात. मग ट्रॅक्टरच बोलवायचा.

खरी काळजी गाडीच्या पोटाची. मागच्या साली पुतण्यानं भाड्याची सेडान आणली होती. गावातल्या शाळेपुढं गावकऱ्यांनीच मुरूम-सिमेंट टाकून गतिरोधक केलाय, चांगला उभट. त्याच्यावर खर्रकन आवाज आला. पोरगं म्हणालं, "काही नाही काका, घासली फक्त." मारुतीच्या पारापाशी थांबलो अन् मागं वळून बघतो तर रस्त्यावर तेलाचा काळा पट्टा, शाळेपासून पारापर्यंत. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फुटलं होतं. केजपर्यंत टोचन करून नेली. गाडीवाल्यानं करारातलं बारीक अक्षर दाखवलं: खालच्या बाजूचं नुकसान गिऱ्हाइकाच्या माथी. तेवढी ओळ सही करायच्या आधी वाच.

ब्रेझाचं पोट जमिनीपासून १९८ मिलिमीटर, नेक्सॉनचं २०८. पण हे आकडे रिकाम्या गाडीचे असतात. पाच माणसं, चार बॅगा आणि आईनं दिलेलं ज्वारीचं पोतं चढलं की त्यातलं बोट-दोन बोटं गेलं म्हणून समज. तरी मला विचारशील तर ह्याच मापातली एखादी घे.

परभणीची ताई, सध्या माहेरी:

काकांचं सगळं बरोबर, पण गाडीपेक्षा ड्रायव्हरचं बघा. डिसेंबरात साखर कारखाने चालू असतात. एका ट्रॅक्टरला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि पाचट ट्रॉलीच्या बाहेर हात-हातभर लोंबतंय. अंधारात ते अंगावर येईपर्यंत दिसत नाही. तिकडं उजव्या बाजूनं चालवणाऱ्यानं इथं सूर्य मावळल्यावर स्टिअरिंग धरूच नये. पहिले दोन दिवस तर वळताना इंडिकेटरऐवजी वायपर फिरतो, अनुभव आहे.

दुसरं, रस्त्यावरचं खळं. लोक मळणीला पीक डांबरावर पसरतात, गाड्या जाऊन जाऊन दाणे सुटावेत म्हणून. त्यावरून गेलात तर पुढं थांबून खाली वाकून बघा. काड सायलेन्सरला गुंडाळतं आणि गरम झालं की पेट घेतं. आमच्या भावानं असं काड एकदा काठीनं ओढून काढलं, धूर यायला लागला होता.

आणि सीएनजीची गाडी नको. बऱ्याच गाड्यांत डिकी टाकीनंच भरते, बॅगा कुठं ठेवणार?

केजची लेक:

ताई, ड्रायव्हरचं मलाही पटलं, पण मग माणसं सहा होतात. अर्टिगा घ्यावी लागेल. तिच्या तिन्ही रांगा उभ्या ठेवल्या तर डिकीत २०९ लिटरच जागा उरते, म्हणजे दोन बॅगा कशाबशा. शिवाय बाहेरगावच्या गाडीवाल्यानं रोजचे किमान ३०० किलोमीटर धरून हिशेब दिलाय, गाडी दारात उभी राहिली तरी. वर ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. सहा आठवडे हे कसं झेपायचं?

म्हणून असं ठरवलंय. संभाजीनगरच्या विमानतळावरून गेवराई, बीड, मांजरसुंबा करत घरी येताना, आणि औंढ्याला जाताना ड्रायव्हरसह अर्टिगा. बॅगांसाठी मागची अर्धी रांग पाडायची, ती निम्मी-निम्मी पडते. मधले तीन आठवडे काळ्या पाटीची ब्रेझा, दिवसाउजेडीच. माझं भारतातलं लायसन्स संपलंय, म्हणून निघायच्या आधी इथूनच इंटरनॅशनल परमिट काढतेय. मूळ लायसन्सही जवळ ठेवावं लागतं म्हणे. ब्रेझातली उंचीही आईला बरी, ना वाकून बसायचं ना चढून. ह्यांची थार कॅन्सल. दोन दिवस अबोला होता.

काका, चुलतभावाला मातीच्या रस्त्यावर पाठवलं होतं. तो फोनवर म्हणतो, चाकोरीच्या मधला वरंबा एक वीत उंच आहे. आता?

लातूरचे काका:

एक वीत म्हणजे नऊ इंच. त्याच्यावरनं नेक्सॉन पण घासत जाईल. चाकोरीत चालवायचंच नाही. एक चाक वरंब्यावर, दुसरं बांधाकडच्या कडेला, आणि पहिल्या गियरमध्ये. गाडी जरा तिरकी होईल, घाबरायचं नाही. वहिनींना वरच्या बाजूला बसव. आणि अवकाळी आलाच तर गाडी डांबरावरच सोडा, तुझ्या चुलतभावाचा ट्रॅक्टर आहेच.