मदत हवी आहे: एकच अत्तर बायकोच्या हातावर मोगरा आणि माझ्या हातावर फुलदाणीतलं शिळं पाणी, असं का?

कोथरूडचा_वाळा

मंडळी, विषय जरा रिकामटेकडा वाटेल पण गेला दीड महिना मी यात अडकलोय आणि घरात आता उघड उघड चेष्टा व्हायला लागलीये.

झालं असं की आजोबांकडे कुप्यांची एक लाकडी पेटी होती, दिवाळीत अंघोळ झाली की ते कापसाचा इवलासा फाया हिन्यात बुडवून आम्हा पोरांच्या कानात खोचायचे आणि तो वास भाऊबीजेपर्यंत उशीला यायचा. आजोबा गेले, पेटी काकांकडे गेली, कुप्या वाळून गेल्या. मी कॉलेजपासून स्प्रेवाला. पण मार्चपासून माझ्या स्प्रेनं बायकोला सटासट शिंका यायला लागल्या, तेव्हा म्हटलं चला, आजोबांच्या वाटेनं जाऊ.

रविवार पेठेत अत्तराच्या दुकानात गेलो, दुकानदार काकांनी कागदाच्या पट्ट्या नाकाखाली धरत धरत तासभर बसवलं, शेवटी तर मला सगळ्याचाच एक वास यायला लागला. घेतली चार, ३ मिलीच्या बाटल्या: मजमुआ, मोगरा, एक ऊदाचं ब्लेंड आणि व्हाइट मस्क. पट्टीवर चारही लाजवाब. आता अंगावरची कहाणी ऐका.

मोगरा. मी सकाळी नऊला मनगटावर लावला, पहिली दहा मिनिटं मंडईतला गजरा, अगदी पाणी मारलेला. हिंजवडीच्या कॅबमध्ये बसेपर्यंत फुलदाणीतलं चार दिवसांचं पाणी, मागून डांबरगोळी. त्याच बाटलीतला बायकोनं लावला तर संध्याकाळी सातला पण गोड. बाटली तीच, वेळ तीच, दिवस तोच!

मजमुआ लावल्या लावल्या केवडा नाकात शिरतो, आमच्या मुलीनं "बाबा आईस्क्रीम खाल्लं?" विचारलं. वीसेक मिनिटांत तो गायब, मग तासभर भिजलेलं गोणपाट, आणि त्यानंतर काही नाही. ऊदाचं तर बोलूच नका, शेजारच्या क्युबिकलमधल्यानं विचारलं जखम वगैरे झालीये का, बँडेजचा वास येतोय. आणि व्हाइट मस्क, ह्याचा मला वासच येत नाही! दुकानात पट्टीवर आला असं वाटलं होतं पण घरी शून्य. मी आपला लावत सुटलो, तर बायको म्हणे दोनदा धुतलेल्या शर्टाला अजून येतोय, आता बास.

अजून एक, ऑनलाइन मागवलेलं लिंबू-संत्र्याच्या वासाचं एक तेल मी पंधरा दिवस गाडीवर जाताना मानेला लावलं आणि तिथे आता तपकिरी ओघळासारखा डाग आलाय. याचा काही संबंध?

दुकानदार म्हणतात त्वचा "गरम" आहे. ऑफिसातला एक म्हणतो पीएच. मला नक्की काय करायचं ते सांगा, आणि बजेट हजाराच्या आत, आणि पुढच्या महिन्यात मेव्हण्याचं लग्न आहे.

पेठी_खवचट

फुलदाणीतलं पाणी रोज बदलत जावं.

असो. दुपारी एक ते चार सोडून दुकानात गेलात याबद्दल अभिनंदन. एक साधा प्रश्न, अंघोळ झाल्यावर पूर्ण कोरड्या अंगाला लावता का? आणि मनगटं एकमेकांवर घासता का? घासत असाल तर पुढचं बोलणं व्यर्थ.

तेल_थेंब

मी हौस म्हणून घरी अत्तरं ब्लेंड करतो, सहासात वर्षं झाली, त्यामुळे लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी मानेचं, कारण ते महत्त्वाचं. ते तेल आजपासून बंद. बर्गमॉट (संत्र्याच्या जातीचं एक आंबट फळ) किंवा लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल असेल तर त्यात बर्गाप्टेनसारखे घटक असतात, ते त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि मग डाग राहतो, आणि तो तेल जिथून ओघळलं त्याच आकाराचा असतो. तुमचा "ओघळासारखा" शब्द वाचूनच ओळखलं. एप्रिल-मेचं पुण्याचं ऊन आणि दुचाकी, म्हणजे व्हायचंच होतं. स्किनच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, डाग जायला महिने लागतात आणि तोवर मान झाका. हे घटक काढून टाकलेलं बर्गमॉटसुद्धा मिळतं, पण बाटलीवर लिहिलेलं नसेल तर उन्हात जाणाऱ्या अंगाला लावायचंच नाही.

आता मोगरा. खऱ्या मोगऱ्यात इंडोल नावाचा घटक असतो, थोडा असला की फूल जिवंत वाटतं आणि जास्त झाला की डांबरगोळी, म्हणजे तुमचं नाक बरोबर आहे. गोड, फळासारखा जो पहिला भपकारा येतो तो बेंझाइल अ‍ॅसिटेटसारख्या हलक्या घटकांचा, ते भरकन उडतात. इंडोल मागे रेंगाळतो. तुमची कातडी कोरडी असेल आणि मनगट तापलेलं असेल तर गोडवा दहा मिनिटांत संपतो आणि तळाचा माल उघडा पडतो. बायको अंघोळीनंतर क्रीम लावते का? पैज लावतो, लावत असणार. तेलकट थर असला की सगळंच सावकाश उडतं आणि हलकं-जड बरोबरीनं चालतं. पीएचचं मी फार मनावर घेत नाही, मला तरी ऊब, कोरडेपणा आणि घाम या तीन गोष्टींनीच फरक पडताना दिसलाय. घामात जिवाणूंचा स्वतःचा वास असतो, तो वर मिसळतो ते वेगळंच.

कागदाला ना ऊब ना तेल ना घाम, म्हणून पट्टीवर सगळंच गोंडस वाटतं. पट्टीवर फक्त "हे नक्की नको" एवढं ठरवायचं, "हवं" हे पाच तासांनी हातावर ठरतं. आणि एका वेळी तीनच्या वर हुंगू नका, नाक थकतं. काहीजण कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्यापेक्षा स्वतःच्या शर्टाची बाही हुंगा, तेवढंच काम होतं, फुकटात.

मजमुआ हे मुळातच मिश्रण आहे, वाळा, केवडा, मिट्टी (म्हणजे भाजलेल्या मातीचं अत्तर) आणि कदंब. मुलीला आईस्क्रीम का वाटलं ते कळलं ना, केवड्याचं इसेन्स आपण सरबतात, मिठाईत खातो. गोणपाट म्हणजे तुमचा वाळा आणि मिट्टी. म्हणजे माल अगदीच खोटा नाहीये! पण तासाभरात संपतोय म्हणजे खालचा आधार हलका आहे. कनौजला पारंपरिक पद्धतीत तांब्याच्या देगमध्ये फुलं आणि पाणी उकळतात, वाफ बांबूच्या चोंग्यातून, म्हणजे नळीतून, भपक्यात (ती गोळा होते त्या भांड्यात) येते आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं, वास त्यात मुरतो. चंदन स्वतः तासन्‌तास टिकतं म्हणून त्यावर बसलेलं फूलही टिकतं. आता चंदनाचं तेल किलोला लाखाच्या वर, मग ३ मिलीच्या दोनशे रुपयांच्या बाटलीत ते कुठून येणार, तिथे वाहक म्हणून, म्हणजे वास ज्यात मिसळतात तो द्रव म्हणून, डीईपी नावाचं बिनवासाचं रसायन नाहीतर पातळ पॅराफिन असतं. कागदावर एक थेंब टाकून दोन दिवस ठेवा, वास गेला आणि नुसता तेलाचा डाग उरला तर समजा वाहकालाच पैसे दिलेत.

व्हाइट मस्कचं कोडं सोपं आहे. मस्क म्हणजे कस्तुरी, पण खरी विसरा, कस्तुरीमृग १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, कुणी "असली" म्हणून देत असेल तर तो फसवतोय नाहीतर गुन्हा करतोय. बाजारातले मस्क प्रयोगशाळेतले. त्यातल्या गॅलेक्सोलाईडसारख्या काहींचा वास बऱ्याच लोकांना येतच नाही, तुम्ही त्यातले दिसता. पण हे कपड्याला असे चिकटतात की कपडे धुवायच्या पावडरीत मुद्दाम घालतात. म्हणून न येणारा वास वाढवत जाऊ नका, कॅबमधल्या लोकांची दया करा.

ऊद राहू द्या. आसामकडच्या अगर झाडाला बुरशी लागल्यावर आत जे राळेसारखं तयार होतं तो ऊद, चारशे रुपयांत नाही येत. आणि खऱ्या ऊदालाही लोक बँडेज, गोठा म्हणतातच, त्यामुळे शेजारच्याचं चुकलं नाही.

घासण्याबद्दल: घासल्यानं "रेणू मोडतात" वगैरे काही नसतं हो. ऊब वाढते आणि वरचा वास लवकर उडतो, एवढंच.

पेठी_खवचट

रेणू मोडतात असं मी म्हटलेलं नाही. व्यर्थ म्हटलं. वरचा वास लवकर उडतो हे तुम्हीच खाली लिहिलंत.

ठुशी_आणि_नथ

अरे बाळा, एवढं रसायनशास्त्र वाचून मला घेरी आली. हिना का आवडायचा तुझ्या आजोबांना सांगू? हिना म्हणजे नुसतं मेंदीचं फूल नव्हे, त्यात ढीगभर जिन्नस असतात, नागरमोथा, कपूरकाचरी, जटामांसी, जायफळ, लवंग, दगडफूल. यातलं निम्मं आपल्या उटण्यात आहे आणि दगडफूल गोड्या मसाल्यात. म्हणून दिवाळीच्या सकाळी उटणं लावलेल्या अंगावर हिन्याचा फाया इतका जुळून यायचा, एकाच घरचे सगळे!

माझे सासरे अत्तर अंगाला लावायचेच नाहीत, कानाच्या वरच्या वळणात फाया ठेवायचे. तिथे घाम कमी, कातडीला फारसं लागत नाही, वास दिवसभर. तुझ्यासारख्या "गरम" माणसाला हेच बरं. उन्हाळ्यात वाळा, पावसाळा लागला की हिना, आमच्याकडे असंच होतं. मेमध्ये हिना लावून बसमध्ये चढलास तर बाकीचे उतरतील.

आणि दवणा करून बघितलास का? चैत्रात जोतिबाला वाहतो तोच, मंडईत जुड्या मिळतात. माझ्या जावेच्या हाताला पिकलेल्या फळासारखा येतो आणि माझ्या हाताला औषधी कडवट. आम्ही दोघी त्यावरून दरवर्षी भांडतो.

तेल_थेंब

मावशी, दवण्याबद्दल अगदी बरोबर! ब्लेंड करणाऱ्यांत दवण्याचं तेल याचसाठी प्रसिद्ध आहे, प्रत्येकाच्या अंगावर वेगळं येतं म्हणतात. पण जोरकस असतं, दहा थेंबांत अर्धा पुरतो.

कोथरूडचा_वाळा

तीन आठवड्यांनी परत आलोय, रिपोर्ट द्यायला.

बायको अंघोळीनंतर बॉडी लोशन लावते, पैज तुम्ही जिंकलात. बिनवासाची पेट्रोलियम जेली आणली, उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला पातळसा थर देऊन वर मोगरा, डाव्याला नुसताच मोगरा. सकाळी साडेआठला लावून दर तासाला फोनमध्ये लिहित बसलो, मीटिंगमध्ये कोपर हुंगताना मॅनेजरनं पाहिलं, विचारलं काही दुखतंय का. डावा हात दहा वाजता डांबरगोळीवर आला. उजवा दुपारी जेवणापर्यंत गजराच होता, मग जरा उतरला पण शिळा नाही झाला. एवढ्याशा जेलीनं! बायकोचं म्हणणं मोगरा तसाही तिलाच शोभतो, बाटली तिच्या ड्रॉवरमध्ये गेलेली आहे.

मजमुआचा थेंब कागदावर ठेवला होता, दोन दिवसांनी वास जवळजवळ नाही आणि डाग ठसठशीत. घ्या.

डॉक्टरांनी मानेचं तेच सांगितलं, ऊन आणि ते तेल. क्रीम दिलंय.

मग परत रविवार पेठेत गेलो. या वेळी पट्टी नाही, एका हातावर वाळा, एकावर दवण्याचं ब्लेंड, आणि काकांना सांगितलं की संध्याकाळी येतो. त्यांनी असं बघितलं की जणू मी उधारी मागितली. दवणा माझ्या हातावर मावशींसारखाच, काढ्याच्या वळणाचा, बाद. वाळा मात्र, काय सांगू, पहिल्यांदा कच्चा, हिरवा, उसाच्या गुऱ्हाळाच्या आसपासचा, मग माठाला गुंडाळलेल्या ओल्या वाळ्यासारखा, आणि संध्याकाळी सहाला शनिवारवाड्यापाशी बसलो होतो तेव्हाही हाताला थंड वास होता, पाचव्या तासाला! काकांनी ६ मिली साडेसहाशेला दिलं. आधी सातशे म्हणाले होते.

आता एकच राहिलं. लग्न जूनच्या शेवटी, कार्यालय कर्वे रोडला, एसी नाही, पाऊस आला तर दमट, नाही आला तर भट्टी. वाळाच लावू का हिना? बायको म्हणते हिन्यानं तू आजोबा वाटतोस.

ठुशी_आणि_नथ

हिना. फाया कानात, अंगाला नको. आणि आजोबा वाटलास तर बिघडलं काय.

पेठी_खवचट

फाया डाव्या कानात ठेवा, उजव्यात तुमचे मेव्हणे खर्चाचं कुजबुजणार आहेत.

कोथरूडचा_वाळा

काकांना (खरे काका, दुकानदार नव्हे) फोन केला होता, आजोबांची पेटी मागितली. म्हणाले कुप्या रिकाम्या आहेत पण बूच काढलं की अजून येतो. रविवारी आणायला जातोय.